डिप्लॉयर ७: होस्टची मांडणी जमली की बाकी सोपं

पीएचपीचा कोड सर्व्हरवर चढवायला मी डिप्लॉयर वापरते, आणि ते मनापासून आवडतं ते होस्ट (कोड जिथे जायचा ते सर्व्हर) लिहिण्याच्या पद्धतीमुळे. प्रत्येक रिलीजचं वेगळं फोल्डर, चालू रिलीजकडे बोट दाखवणारी करंट नावाची सिमलिंक, एका कमांडमध्ये रोलबॅक (मागच्या रिलीजवर परत जाणं), हे कॅपिस्ट्रानो हे अशाच कामाचं टूल वापरलेल्यांना ओळखीचं आहे. इथेही ते नीट चालतं.

होस्टला एक नाव, रिमोट युजर (सर्व्हरवरचं लॉगिन) आणि डिप्लॉय पाथ (कोड ठेवायचं फोल्डर) दिला की सुरुवात होते. मात्र ते नाव म्हणजे सर्व्हरचा खरा पत्ता असलाच पाहिजे, असं नाही. मी नेहमी टोपणनाव देते, 'प्रॉड-वेब-१' सारखं, आणि पत्ता होस्टनेममध्ये वेगळा लिहिते. मशीन बदललं, आयपी बदलला, तर एकच ओळ बदलायची. टास्कना, म्हणजे डिप्लॉयच्या पायऱ्यांना, हात लावावा लागत नाही. होस्ट जास्त असतील तर ते वायएएमएल या साध्या मजकुराच्या कॉन्फिग फाईलमध्ये ठेवून इम्पोर्ट करता येतात. तेच मला वाचायला बरं वाटतं.

डिप्लॉयर कनेक्शनसाठी तुमच्याच मशीनवरचं ओपनएसएसएच (सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्राम) वापरतं. त्यामुळे एसएसएच कॉन्फिगमधला पोर्ट, की (ओळख पटवणारी फाईल), मधला जंप होस्ट, सगळं आपोआप लागू होतं. इथे माझं मत ठाम आहे: पत्ता, पोर्ट आणि युजर टीमच्या सामायिक कोड रिपॉझिटरीत हवेत, कारण ते टीममधल्या सगळ्यांना सारखेच असतात. प्रायव्हेट कीचा पाथ मात्र तिथे कधीच नको. प्रत्येकाची की वेगळ्या ठिकाणी असते. ती ज्याच्या-त्याच्या एसएसएच कॉन्फिगमध्येच राहू द्या.

सातव्या आवृत्तीत जुन्या स्टेज आणि रोलची जागा लेबलांनी, म्हणजे होस्टला लावायच्या खुणांनी, घेतली. सहावरून येणाऱ्यांना फाईल पुन्हा लिहावी लागते, तरी हा बदल मला पटतो. 'स्टेज' आणि 'टाइप' अशी दोन लेबलं लावली की स्टेज प्रॉड असलेले सगळे सर्व्हर निवडता येतात, किंवा '&' वापरून त्यांतले फक्त वर्कर (क्यूमधली, म्हणजे रांगेतली, कामं मागे करणारे सर्व्हर). क्यू रीस्टार्ट करण्याचा टास्क सिलेक्ट वापरून वर्करपुरता बांधता येतो. टास्क अनेक होस्टवर समांतर चालतात, म्हणून डेटाबेस मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलणाऱ्या टास्कला) 'वन्स', म्हणजे एकाच होस्टवर चालव, असं लावलेलं आहे ना, हे आधी बघा. नाहीतर दोन वेब सर्व्हर एकाच वेळी त्याच टेबलावर तुटून पडतील.

दोन डिफॉल्ट मुद्दाम तपासावेत. एक, एजंट फॉरवर्डिंग (तुमच्या मशीनवरची की सर्व्हरवरून वापरू देणं) चालू असतं. सर्व्हरवरून गिट क्लोन तुमच्या कीने होतं, सोय मोठी आहे. पण सेशन चालू असेपर्यंत त्या सर्व्हरवर रूट (पूर्ण अधिकार) असलेला माणूस तुमचा एजंट वापरू शकतो. अनेकांचा वावर असलेल्या सर्व्हरवर मी ते बंद करते आणि फक्त वाचण्याची परवानगी असलेली डिप्लॉय की ठेवते. दुसरं, लिहिण्यायोग्य फोल्डरांची परवानगी एसीएलने (कोणाला काय करता येईल याच्या यादीने) दिली जाते. सर्व्हरवर त्यासाठीची सेटएफएसीएल कमांड नसेल तर पहिलंच डिप्लॉय तिथे अडकतं. एसीएल पॅकेज टाका, नाहीतर रायटेबल मोड बदला.

नवीन होस्ट जोडल्यावर मी सर्वात आधी डिप्लॉय कमांडला 'प्लॅन' पर्याय जोडून चालवते. कोणत्या होस्टवर कोणता टास्क कोणत्या क्रमाने चालणार, याचा तक्ता समोर येतो, आणि सर्व्हरवर काहीच बदलत नाही. लेबल चुकलं असेल तर ते इथेच दिसतं. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ती आणखी ठळक असायला हवी.

मोजक्या सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या छोट्या टीमने हे नक्की घ्यावं. अ‍ॅप कंटेनरमध्ये चालत असेल तर मात्र रिलीज फोल्डर आणि सिमलिंकची ही सगळी रचनाच तुमच्या कामाची नाही.