पार्टी फंडाची पावती आणि माझे १ लाख

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मार्च आला की टॅक्सवाला भाऊ हजर. एचआरने त्याला कॉन्फरन्स रूम दिलेली, वर चहा, आणि निम्मा फ्लोअर बाहेर रांगेत. त्याच्या पार्टी फंडाच्या स्कीममध्ये मी १ लाखाला फसलो, पण 'तुला अक्कल नव्हती का' विचारणाऱ्यांनी आधी ती रांग डोळ्यासमोर आणा. तो सीए नव्हता हे नंतर कळलं. तुम्ही आधी मेंबरशिप नंबर मागा.

स्कीम अशी. राजकीय पक्षाच्या फंडाला बँकेतून एनईएफटीने देणगी, आयकराच्या कलम ८०जीजीसीत त्या रकमेची उत्पन्नातून पूर्ण वजावट, आणि ५ टक्के कापून बाकी कॅश भाऊकडून परत. पहिल्या वर्षी ४०,००० टाकले, ३८,००० पाकिटात आले, रिफंड १२,४८०. विश्वास बसणारच ना? मार्च २०२४ ला १,००,००० टाकले. कॅश मागितली तर म्हणे, "साहेब, आचारसंहिता लागलीय, नाक्यानाक्यावर गाड्या चेक होतायत, २० मेचं मतदान होऊ दे." पटलं, कारण चेकिंग खरंच चालू होतं. मतदान झालं, निकाल लागला, मग विधानसभा, परत आचारसंहिता, मग फोनच बंद.

डोक्यात जाते ती पावती. मी अजून ॲपमध्ये पक्षाचं खातं ॲड करत होतो, बँक थांबा म्हणत होती, आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, 'रु. १,००,००० प्राप्त झाले'. पैसे अजून माझ्याच खात्यात! यूटीआरची (बँक व्यवहाराच्या नंबरची) जागा कोरी, पक्षाचं नाव कधी न ऐकलेलं, पत्ता गुजरातमधला कुठला तरी गाळा. आणि मी बाजूच्याला दाखवून हसलो, म्हटलं भाऊ काय फास्ट आहे. अजून रात्री तेच आठवतं.

जुलै २०२५ मध्ये इन्कम टॅक्सने अशा खोट्या वजावटींवरून देशभर १५० ठिकाणी धाडी टाकल्या तेव्हा ऑफिसात कुजबुज सुरू झाली. टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन केलं तर माझ्या खात्यावर ईमेल भाऊचा! विभागाचे मेल त्याच्याकडे जात होते. आत्ता उठून तुमचा तपासा.

आता हिशोब. पहिल्या वर्षीचा १२,४८० आणि १ लाखावरचा ३१,२०० रिफंड परत करा, व्याज वेगळं, अपडेटेड रिटर्नचा (चूक सुधारून उशिरा भरायच्या रिटर्नचा) जादा कर ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर पहिल्या वर्षावर ५० टक्के, दुसऱ्यावर २५. म्हणजे ५७,७२० अधिक व्याज, आणि १ लाख गेले ते गेलेच. त्या तारखेनंतर हेच दर ६० आणि ५०, आणि टॅक्सवाल्यांनीच केस उघडली तर २०० टक्क्यांपर्यंत दंड.

पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले, "कॅश परत घेणार होतात ना, मग तक्रार कसली?" सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणे ट्रान्सफर तुम्हीच केलीत. बँक म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं. टॅक्सची हेल्पलाइन एकच वाक्य, रिटर्न भरा. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष यादीतून काढले, त्यात आमचा हा पक्षपण, छान, पण इतकी वर्षं नोंदणी कोणी दिली होती? सहा वर्षं एक निवडणूक न लढवणारा पक्ष सरकारी यादीत दिसतो आणि पगारदार माणसाने ओळखायचं? टीडीएस उशिरा भरला तर यांना लगेच कळतं. आणि एचआर, ज्यांनी रूम दिली ते, म्हणे हा तुमचा खासगी विषय.

नोंदणी आहे म्हणून पक्ष खरा समजू नका. कॅश परत देतो म्हणणारा दारातूनच घालवा. भाऊ आता ऐरोलीच्या एका कंपनीत बसतो असं ऐकलंय. त्याची पावती कोणाकडे असेल तर चॅट डिलीट करू नका, बँक स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला कळवा, एकट्याची तक्रार कोणी घेत नाहीये, पंधरा-वीस जण मिळून आर्थिक गुन्हे शाखेत जाऊ.