बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमच्या वन-टनचा चोक

वरूडहून पांढुर्ण्याकडे निघालं की गावाबाहेर एक मोठं कडुनिंबाचं झाड लागतं. खाली टिनाचं शेड, दोन उघडी इंजिनं, पाण्याचं एक टाकं. बोर्ड नाही. पेट्रोलची जुनी गाडी सांभाळणाऱ्याला आमच्या भागात दुसरा ठिकाणा मला तरी सापडला नाही, म्हणून लिहितो.

आमची गाडी म्हणजे मिलिटरीची निसान वन-टन. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. बाबांनी लिलावातून आणली तेव्हा मी कॉलेजात होतो. आता ती वावरातून मंडीपर्यंत संत्र्याचे कॅरेट वाहते, बस. पुतण्या दर दिवाळीला "भंगारात काढू" म्हणतो. त्याचं ऐकायला मी अजून तेवढा म्हातारा झालो नाही.

नोव्हेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि हिनं रंग दाखवले. पहाटे साडेपाचला चोक, म्हणजे थंड इंजिनची हवा अडवून पेट्रोल वाढवणारा केबिनमधला नॉब, ओढला की एका झटक्यात लागायची. पण चोक आत लोटल्यावरही मागून काळा धूर. शेंदूरजनाघाट येईस्तोवर नाकात पेट्रोलचा वास. मंडीत माल उतरवून परत लावायला जावं तर गरम इंजिनवर स्टार्टर नुसता फिरत राहायचा. लिटरमागे चार किलोमीटर देणारी गाडी तीनवर आली.

आधी जिथं नेली त्या मेकॅनिकचं नाव घेत नाही. चोकची तुटलेली केबल उन्हाळ्यात त्यानंच बदलली होती. धुराची तक्रार केली तर कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) किट टाकला, सहाही प्लग नवे लावले, मिक्श्चरचा, म्हणजे त्या मिश्रणातलं पेट्रोल कमी-जास्त करायचा, स्क्रू आवळला, 2,900 रुपये घेतले. आठ दिवसांत धूर परत, आणि वरून गाडी न्यूट्रलला बंद पडायला लागली.

मग झाडाखालच्या मामांकडे गेलो. सत्तरीचे असतील. त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि मला सरळ परत पाठवलं. "इंजिन गरम हाये भाऊ. गरम इंजिनचा चोक पाहून काय करू? रातभर इथंच राहू दे, पहाटं ये." मी एसटीनं घरी आलो, मनातल्या मनात शिव्या देत.

पहाटे त्यांनी लगेच पाना उचलला नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काजळी दाखवली. एक प्लग काढला, महिन्याभराचा नवा प्लग, पण त्यावर कोरडी, मखमलीसारखी काजळी. मग एअर क्लीनर उतरवला, कार्बोरेटरच्या नरड्यात बॅटरीचा उजेड टाकला आणि मला केबिनमध्ये बसवलं. "वढ." चोकची हवा अडवणारी पाती पूर्ण मिटली. "आता लोट." नॉब पुरा आत गेला, पाती मात्र तिरपीच राहिली. मामांनी बोटानं टिचकी मारली तशी ती सहज उभी झाली. म्हणजे पाती अडकत नव्हती, कार्बोरेटर निर्दोष होता. त्यांनी केबलचं टोक सोडवून माझ्यासमोर धरलं. मोटारसायकलच्या ब्रेकची, पिळाची तार.

"भाऊ, दोरीनं बैल वढता येते, ढकलता येते काय?"

ब्रेकची तार फक्त ओढायला असते, परत न्यायला तिथं स्प्रिंग असते. आमच्या चोकला स्प्रिंग नाही. नॉब लोटला की पिळाची तार आवरणातच दुमडते आणि पाती हवा अडवून बसते. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून धूर, काजळी, न लागणारं गरम इंजिन. आणि आधीच्यानं मिक्श्चर आवळून तेच झाकायला पाहिलं होतं.

मामांनी डब्यातून ट्रॅक्टरचं इंजिन बंद करायची केबल काढली. आत एकच जाड, कडक तार. ती एक्झॉस्टपासून लांब, मोठं वळण देत नेली. मग नॉब पूर्ण आत लोटून काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढा बाहेर घेतला, पाती हातानं सताड उघडी धरली आणि तारेचा स्क्रू कसला. तेवढा ढिलेपणा ठेवला नाही तर पाती शेवटपर्यंत उघडेलच असं नाही, म्हणाले. पातीच्या दांडीला तेल लावू दिलं नाही. आमच्या पांदणीची धूळ त्यावर बसली की गाळ होतो. नुसत्या पेट्रोलनं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं पुसली.

चोक ओढला की एक कडी थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरची पाती, तीही जराशी उघडते, म्हणजे थंड इंजिन जरा चढ्या आवाजात चालतं. तीही पाहिली. इंजिन चांगलं तापल्यावरच मिक्श्चरला हात लावला: स्क्रू हळूच शेवटपर्यंत बसवून दीड फेरा मागे, आणि मग कान लावून पाव-पाव फेरा. हे करताना डोळे मिटलेले. कानावर विडी, पण शेडमध्ये पेटवत नाहीत, दुसऱ्याला पेटवू देत नाहीत.

केबलचे 220, मजुरीचे 400. बिल मागितलं तर हसले. गाडी परत चारवर आली आहे, मंडीत एका झटक्यात लागते.

तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत. बसायला एक टायर, त्यावरही कुत्रं झोपलेलं. काम चालू असताना कुणी ओळखीचा आला की अर्धा तास पऱ्हाटीच्या भावावर गप्पा. माझ्या एअर क्लीनरचा एक नट तिथंच राहिला, दुसऱ्या खेपेला त्यांच्याच डब्यात सापडला. घाई असेल त्यानं जाऊच नये.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन लावा, आणि बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी मामा भाजी आणायला जातात आणि दुपारपर्यंत येत नाहीत.