मर्क्स, इनो, कोप्पी की पोगाचार: सर्वश्रेष्ठ कोणाला मानायचं?

सायकल शर्यतींतला सर्वश्रेष्ठ ठरवताना नुसती टूर द फ्रान्सची जेतेपदं मोजायला घेतलीत तर निकाल लागतच नाही. आन्केतिल, मर्क्स, इनो आणि इंदुराइन या चौघांच्याही नावावर पाच-पाच आहेत. (आर्मस्ट्राँगची सात उत्तेजकांमुळे 2012 साली काढून घेतली, ती धरायचीच नाहीत.) इंदुराइनने तर 1991 ते 1995 सलग पाच जिंकल्या.

खरा फरक दिसतो तो एकदिवसीय शर्यतींत. मिलान–सान रेमो, फ्लँडर्स, रुबे, लिएज आणि लोम्बार्डी या पाच जुन्या शर्यतींना मॉन्युमेंट म्हणतात. मर्क्सने त्या 19 वेळा जिंकल्या, इनोने 5 वेळा, आन्केतिलने एकदा, इंदुराइनने एकदाही नाही. तीन आठवड्यांच्या शर्यतीत टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात) कमावलेली मिनिटं डोंगरात राखून जिंकता येतं. आन्केतिल आणि इंदुराइन यांचा हिशेब तोच होता. एकदिवसीय शर्यतीत भरून काढायला दुसरा दिवस नसतो. सान रेमो घ्या. अंतर 290 किमीच्या आसपास, निर्णायक पोज्जोचा चढ जेमतेम 3.7 किमी, तोही सरासरी चार टक्क्यांच्या आत, आणि माथ्यावरून शेवट साडेपाच किमीवर. एवढ्या सौम्य चढावर मागचे पुढच्याच्या चाकाला चिकटून, वाऱ्याच्या आडोशाने येतात, त्यामुळे निव्वळ घाटातल्या ताकदीवर तिथे कोणी सुटत नाही. मर्क्सने ती सात वेळा जिंकली.

1969 च्या टूरमध्ये पिवळी जर्सी (एकूण विजेत्याची), गुणांची जर्सी आणि डोंगरांचं जेतेपद, तिन्ही त्याचीच. मूरेंक्सच्या टप्प्यावर आठ मिनिटांहून मोठी आघाडी हातात असताना तो सुमारे 140 किमी एकटा पुढे गेला आणि आणखी जवळपास आठ मिनिटं मिळवली. गरज नव्हती, तरी गेला. त्याच वर्षी जिरोमधून (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) उत्तेजक द्रव्य चाचणीमुळे त्याला बाहेर काढलं होतं हेही नोंदवायला हवं. आरोप त्याने कायम नाकारला.

टूर, जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन मोठ्या शर्यती म्हणजे ग्रँड टूर. इनोच्या 10 ग्रँड टूर, मर्क्सच्या 11. सातत्यात इनो थोडाच मागे, जिद्दीत मुळीच नाही. 1980 च्या लिएजला बर्फ पडत होता, 174 पैकी 21 जणच शेवटपर्यंत पोहोचले, आणि इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला.

कोप्पीला आकड्यांनी मोजणं अन्यायाचं आहे. 1940 साली विसाव्या वर्षी जिरो जिंकली, पुढची थेट 1947 साली, कारण मधली वर्षं युद्धात गेली. तरीही पाच जिरो, दोन टूर. 1949 च्या जिरोत कुनेओ–पिनेरोलो टप्प्यावर पाच घाट ओलांडत तो 192 किमी एकटा होता. त्याचा प्रतिस्पर्धी बार्ताली जवळपास 12 मिनिटांनी आला. घाटातली झेप हाच तुमचा निकष असेल तर निवड कोप्पीचीच करा.

आणि अष्टपैलुत्व हा निकष असेल तर मर्क्स, माझ्या मते निर्विवाद. तीनही ग्रँड टूर, पाचही मॉन्युमेंट आणि विश्वविजेतेपद, हा संच 2025 अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याच्या जवळ जाणारा पोगाचार: चार टूर, एक जिरो, दोन विश्वविजेतेपदं, 10 मॉन्युमेंट, त्यात सलग पाच लोम्बार्डी. 2025 संपताना व्हुएल्टा, रुबे आणि तीच सान रेमो बाकी होती.