महोगनी, शेळ्या आणि बायबॅकचा करार

आमच्या सांगोला-आटपाडी पट्ट्यात पुन्हा ती बायबॅकवाली टोळी फिरतेय, म्हणजे आधी रोपं-जनावरं विकायची आणि नंतर माल आम्हीच परत विकत घेऊ म्हणून करार करणारी. गाडीवरचं नाव नवं, माहितीपत्रक मात्र तेच: एक एकर महोगनी (इमारती लाकडाचं झाड), खाली चारा, त्यात दहा शेळ्या नि एक बोकड, आणि सगळ्याची खरेदी कंपनीची. मला या लोकांनी दीड लाखाला टोपी घातलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण गाजलं, तेही बायबॅकचंच. पण इथं बोलणी घेऊन आला तो आमचाच एक पाहुणा. त्याला करारामागे कमिशन होतं, हे मागाहून कळलं. अनोळखी माणूस असता तर आमच्या आण्णांनी चहासुद्धा विचारला नसता.

'राष्ट्रीय पशुधन अभियानातून निम्मे पैसे परत येतील,' म्हणून फाईलचे वेगळे पैसे घेतले. केंद्र सरकारच्या त्या अभियानात शेळीपालनाचं सगळ्यात लहान युनिटच 100 शेळ्या नि 5 बोकडांचं आहे. दहा शेळ्यांची योजना आहे ती राज्य सरकारची, आणि तिथं अर्ज करून निवड व्हावी लागते. दोन्ही नावं आपण कुठंतरी ऐकलेली असतात, त्यामुळं ही खिचडी पटकन गळी उतरते.

शेळ्या आल्या 'उस्मानाबादी, पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या), गाभण' म्हणून. काळ्या होत्या, उस्मानाबादीपणा तेवढाच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकीचा खालचा ओठ ओढून दाखवला: दात झिजून खुंट झालेले, मधे फटी. पहिलारू शेळीला दोन, फार तर चार पक्के दात असतात. कानातला पिवळा बिल्ला सरकारी म्हणून सांगितला होता. सरकारी बिल्ल्यावर 12 आकडे असतात, यांच्यावर सहा. पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस तर टोचलेलीच नव्हती. पावसाळ्यात चार शेळ्या गेल्या.

तरी खरी मेख करारात होती. 'दोन वर्षांनी 80 टक्के रोपं जिवंत नसल्यास बायबॅक रद्द.' वाचायला रास्त वाटतं. पुढच्याच पानावर दुसरी अट: शेळ्या पहिल्या दिवसापासून त्याच प्लॉटमध्ये चारायच्या. रोप गुडघ्याएवढं, आणि शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की आपल्या छातीच्याही वरचं ओरबाडते. शेंडा खाल्ला तर निदान फुटवा येतो, पण बुडाची साल चौफेर सोलली की रोप वाळलंच. तक्रार केली तर 'जैविक फवारा मारा, शेळी तोंड लावत नाही' म्हणून बाटल्या विकल्या, त्याही रोखीनं. बाटलीला वास कडुलिंबाचा. आमच्या शेळ्या कडुलिंब ओरपून खातात!

कंपनीला झाडं घ्यायचीच नव्हती. करार मोडायचं काम तिनं शेळ्यांवर सोपवलं होतं.

झाडं, गवत आणि जनावरं एकत्र, हा प्रकार मुळात खोटा नाही. झाशीच्या गवताळ व चारा संशोधन संस्थेत यावर अनेक वर्षं काम चाललंय. आमच्याकडेही बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि खाली मारवेल गवत असं जुनी माणसं राखतात. पण झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत पाला कापून गोठ्यातच टाकायचा, जनावर मोकळं सोडायचं नाही. सुबाभूळही हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच, नाहीतर केस गळतात. यातलं माहितीपत्रकात अक्षर नव्हतं. आणि चाऱ्यासाठी महोगनी कोण लावतं?

पोलिसांत गेलो तर 'सही तुमची आहे, दिवाणी दावा करा' म्हणाले. मग आजूबाजूच्या गावांतले करार गोळा केले. मजकूर शब्दशः एक, दोन्ही अटी त्याच, बिल्ले सगळे सहा आकडी. फसवायचा इरादा पहिल्यापासून होता हे यावरून मांडता येईल, असं वकील म्हणतात. सगळ्यांचा मिळून अर्ज आर्थिक गुन्हे शाखेत दिलाय.

ज्यांचा असा करार झालाय त्यांनी मेलेल्या शेळ्यांचे बिल्ले, रोपांच्या पावत्या, फवाऱ्याच्या रिकाम्या बाटल्या काहीही टाकू नका. शेळी मेली तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. आणि नव्या गाडीवाल्यांनी कागद पुढं केला तर सही न करता सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या. ती 80 टक्क्यांची अट त्यातही असेल, तर आमच्या अर्जाला तो जोडायचाय.