इन्फिनिटी वॉर की एंडगेम?

माझं मत एंडगेमला, आणि ते ठाम आहे. मार्व्हलच्या ‘अव्हेंजर्स’ सुपरहिरो मालिकेतले हे दोन्ही सिनेमे दिग्दर्शक रूसो बंधूंचेच. २०१८चा इन्फिनिटी वॉर बांधणीत जास्त घट्ट आहे, हे मान्य. खलनायक थॅनॉस चुटकी वाजवून निम्मी सजीवसृष्टी संपवतो, पीटर (स्पायडर-मॅन) टोनीच्या (आयर्न मॅन) डोळ्यांदेखत विरून राख होतो, तेव्हा घसा दाटून येतो.

पण २०१९चा एंडगेम! तब्बल १८१ मिनिटं. पहिला तास बराचसा दुःखाचाच, काहींना तो संथ वाटतो. मला तोच फार आवडतो, कारण हरलेली माणसं तिथे खरी वाटतात. आणि शेवटी? फुटक्या ढालीचा पट्टा हातावर आवळत कॅप (कॅप्टन अमेरिका) थॅनॉसच्या अख्ख्या सैन्यापुढे एकटा उभा राहतो. कानात त्याच चुटकीत नाहीशा झालेल्या सॅम या साथीदाराचा आवाज येतो, डावीकडे पहिलं सोनेरी वर्तुळ, म्हणजे गेलेल्या साथीदारांना परत आणणारं जादुई दार, उघडतं. कितीही वेळा बघा, अंगावर काटा येतोच!