महामारीत रोख हवी: जनावर विकायचं की कर्ज काढायचं?

एकट्या घरावर संकट आलं तर नातेवाईक, शेजारी हात देतात. महामारी सगळ्यांनाच एकदम गाठते. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत कित्येक घरांची मजुरी थांबली, माल पडून राहिला आणि शहरातून येणारा पैसाही आटला. अशा वेळी उसनं मागायचं तरी कुणाकडे?

जनावर विकलं की रोख हातात येते. व्याज नाही, कुणाचं मिंधेपण नाही. पण तेव्हाच बाकीचेही विकायला काढतात, गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. दुभतं जनावर गेलं की रोजचं दूध गेलं, शेणखत गेलं. पुढे तसंच जनावर घ्यायचं तर जास्त पैसे मोजावे लागतात. हे नुकसान विकताना कुणी धरत नाही, म्हणून जीव तुटतो.

कर्जात कमाईचं साधन शाबूत राहतं. बचत गटाचं किंवा बँकेचं असेल, हप्ता पुढे ढकलता येत असेल, तर मी कर्जच घ्यायला सांगेन. सावकाराकडे जमीन गहाण टाकण्यापेक्षा मात्र दोन शेळ्या विकलेल्या बऱ्या. शेळ्यांचा कळप लवकर वाढतो, गाई-म्हशींचं तसं नाही. घरात आजारी माणूस असेल तर जनावराचा भाव वाढायची वाट पाहू नये.