गरोदरपणात पनीर, मोझरेला आणि चीज स्प्रेड: खान्देशातल्या डेअरीतलं काय घ्यावं, काय नको

निकाल आधीच सांगून टाकतो. बंद पाकिटातलं, पाश्चराइज्ड (म्हणजे ठराविक तापमानाला तापवून जंतू मारलेल्या) दुधाचं पनीर, मोझरेला, चीज स्प्रेड, क्रीम चीज गरोदर बाईने खायला हरकत नाही. ब्री आणि कॅमेम्बर्ट ही वरून पांढरी बुरशी असलेली मऊ परदेशी चीज आणि निळ्या बुरशीचं ब्लू चीज नऊ महिने बाजूला ठेवावं. डेअरीतलं सुटं पनीर घ्यायचं तर दुकान पारखून घ्यावं आणि पूर्ण शिजवल्याशिवाय तोंडात टाकू नये.

परदेशी चीजबद्दलच्या धोक्याच्या सूचना फोनवर भरपूर फिरतात. पण जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे घरात ब्री येतं कितीसं? येतं ते वजनावर मिळणारं सुटं पनीर. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

धोका आहे तो लिस्टेरिया या जिवाणूचा. बाकीचे बरेच जिवाणू फ्रिजच्या गारव्यात थंडावतात, हा मात्र ४ अंशालाही हळूहळू वाढत राहतो. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदललेली असते, त्यामुळे इतरांच्या मानाने गरोदर बाईला याची लागण होण्याची शक्यता सुमारे दहापट असते. तिला स्वतःला बहुतेक वेळा कणकण आणि अंगदुखी एवढंच जाणवतं, पण जिवाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. मग गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळ पोटातच दगावणं, नवजात बाळाला जंतुसंसर्ग असे प्रकार होऊ शकतात. आजार क्वचित होतो, पण झाला तर किंमत फार मोठी.

मारायला हा जिवाणू अवघड नाही. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलं की तो संपतो. पाश्चरायझेशन म्हणजे एवढंच. फक्त ती हमी दुधापुरती असते. नंतर सुरी, फडकं, गार पाणी आणि हात लागतात, तिथून जिवाणू पुन्हा शिरू शकतो.

आता सुटं पनीर. पनीर करताना दूध ८०-९० अंशांपर्यंत तापवतात, आंबट घालून फाडतात, कापडात बांधून दाबतात आणि गार पाण्यात सोडतात. म्हणजे दूध फाटेपर्यंत सगळं ठीक असतं. घोटाळा होतो तो दाबायच्या कापडात, गार पाण्याच्या टबात आणि कापायच्या सुरीवर. त्यात पनीरमध्ये निम्म्याहून जास्त पाणी आणि आंबटपणा अगदी कमी, त्यामुळे जिवाणूंना ते दह्यापेक्षा कितीतरी सोयीचं पडतं.

दुकानात गेल्यावर काउंटरपाशी दोन मिनिटं उभं राहून नुसतं बघा. टबातलं पाणी स्वच्छ आहे की दुधट झालंय? त्यात पनीरचे बारके तुकडे तरंगत असतील तर ते पाणी बराच वेळ बदललेलं नाही. पनीरच्या लादीच्या कडा बुळबुळीत, पिवळसर दिसल्या तर परत फिरा. खवा, पेढा आणि पनीर एकाच सुरीने कापून ती सुरी खांद्यावरच्या फडक्याला पुसणारा दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी या नऊ महिन्यांत नको. टब फ्रिजमध्ये आहे की बाहेर, हेही पाहा. बाहेर असेल तर पुढचं काही विचारायचीच गरज नाही. फ्रिजमध्ये असेल तर सरळ विचारा, "दादा, आज सकाळचं आहे का कालचं?" चांगल्या डेअरीवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला असायला हवा.

ज्या डेअरीत रोजच्या रोज पनीर होतं, दुपारपर्यंत संपतं आणि लादी बंद फ्रिजमधून काढून देतात, तिचं सुटं पनीर चवीला पाकिटापेक्षा सरस असतं, विशेषतः म्हशीच्या दुधाचं. हे मान्य करूनही गरोदर बाईसाठी आमचं मत बंद पाकिटाच्याच बाजूने आहे. चवीतला तो फरक रश्श्यात फारसा उरत नाही.

पाकीट घेताना पाच गोष्टी वाचा: पाश्चराइज्ड दूध, तयार केल्याची तारीख, वापरायची शेवटची तारीख, साठवणीचं तापमान आणि परवाना क्रमांक. पाकीट फुगलेलं असेल, हवा भरलेली असेल किंवा आत पाणी सुटलेलं असेल तर तारीख उरलेली असली तरी नको. 'अ‍ॅनालॉग' हा शब्द दिसला तर ते दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वगैरे घालून केलेलं पनीरसारखं दिसणारं उत्पादन. त्याचा लिस्टेरियाशी संबंध नाही, पण गरोदर बाईला पनीर द्यायचं ते प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी. खऱ्या पनीरमध्ये १०० ग्रॅमला साधारण १८-१९ ग्रॅम प्रथिनं मिळतात, अ‍ॅनालॉगमध्ये त्याचा भरवसा नाही. सुट्या पनीरमध्ये पिठाची भेसळ वाटली तर छोटा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट आहे. तो तुकडा अर्थातच टाकून द्यायचा.

पनीर बिघडायची मोठी भीती असते ती दुकानातून घरी येताना. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर असा पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर राहू नये, एरवी दोन तास. गाडीच्या डिकीत ठेवून भाजी, किराणा, मेडिकल करत फिरलं तर तो तास तिथेच संपतो. डेअरी सगळ्यात शेवटी करा, पनीर बर्फाच्या पिशवीबरोबर थर्माकोलच्या डब्यात आणा, आणि घरी आल्यावर फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार असतो. फोडलेलं पाकीट स्वच्छ झाकणाच्या डब्यात काढून दोन दिवसांत संपवा.

वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास तग धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर पनीर टाकून द्या. इथे बऱ्याच घरांत "उकळलं की झालं" असं म्हणतात, ते चुकीचं आहे. उकळल्याने लिस्टेरिया मरतो हे खरं. पण उन्हात राहिलेल्या पनीरमध्ये स्टॅफिलोकोकस नावाचा दुसरा जिवाणू विष तयार करून ठेवतो आणि ते विष उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी होणं गरोदरपणात परवडत नाही.

शिजवायचं कसं? आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. इंचभराचे तुकडे करून खदखदत्या रश्श्यात घाला, झाकण ठेवून पाच मिनिटं उकळू द्या, मग एक तुकडा मधोमध कापून पाहा. आतून वाफ निघाली पाहिजे. फ्रिजमधला गार तुकडा तव्यावर नुसता परतला तर बाहेरून खरपूस आणि आतून गारच राहतो. पनीर टिक्क्याचं तेच होतं: कडा जळतात, पोट कोमट. गोठवलेलं पनीर ओट्यावर तासन्‌तास ठेवून सैल करू नका, रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा.

मोझरेला बंद पाकिटातला, पाश्चराइज्ड दुधाचा असेल तर गारही चालतो. पिझ्झ्यावरचं चीज वितळलं म्हणजे जिवाणू मेले, असं मात्र धरू नका. मोझरेला ५५-६० अंशांच्या आसपासच वितळायला लागतो. किसून ठेवलेलं चीज दिवसभर उघड्या डब्यात असलेल्या गाडीवर किंवा स्टॉलवर खायचंच असेल तर चीज बुडबुडायला लागून डाग पडेपर्यंत भाजून मागा. कमी भाजलेलं असेल तर परत ओव्हनमध्ये टाकायला सांगायला लाजू नका.

चीज क्यूब, स्लाइस आणि डब्यातलं स्प्रेड हे प्रक्रिया केलेलं चीज. ते करताना चीज पुन्हा वितळवून गरम असतानाच भरतात, म्हणून जिवाणूंच्या बाबतीत हे सगळ्यात निर्धास्त. अडचण मिठाची. १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या पुढे सोडियम असणं यात नवीन नाही, आणि दिवसभराची मर्यादाच २००० मिलिग्रॅम. रक्तदाब वाढलेला असेल किंवा पायावर सूज असेल तर डॉक्टरांना विचारूनच. स्प्रेडच्या डब्यात पोळीचे कण लागलेला चमचा पुन्हा घालू नका, बुरशी तिथून सुरू होते.

क्रीम चीज आणि फेटा नावाचं चीज पाश्चराइज्ड असेल तर चालतं, उघडल्यावर लवकर संपवायचं एवढंच. ब्री, कॅमेम्बर्ट, ब्लू चीज पुण्या-मुंबईहून कुणी भेट म्हणून आणलं तर घरातल्या बाकीच्यांनी खावं. यातली बुरशी चीजमधला आंबटपणा खाऊन टाकते, ओलावा तसाच राहतो, आणि लिस्टेरियाला हवं ते सगळं मिळतं. त्यामुळे पाश्चराइज्ड असलं तरी गार खाऊ नये. आतपर्यंत वाफाळेल इतकं भाजलेलं चालतं.

घरी पनीर करणं सगळ्यात उत्तम. लिटरभर म्हशीच्या दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर होतं. दूध चांगलं उकळा, गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. हिरवट पाणी सुटलं की थांबा, जास्त आंबट पडलं तर पनीर रबरासारखं होतं. कापड आधी दहा मिनिटं उकळून घ्या. आंबटपणा घालवायला बरेच जण गाठोडं नळाखाली धरतात, तिथेच मेहनत वाया जाते. उकळून गार केलेलं पाणी वापरा. अर्धा तास वजनाखाली ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

डोहाळजेवणाच्या ताटात पनीरची भाजी असेल तर गरोदर बाईचं पान आधी, भांडं चुलीवरून उतरल्याबरोबर वाढा. ओटी, फोटो, गाणी होईपर्यंत ती भाजी हॉलमध्ये दोन-अडीच तास कोमट पडलेली असते.

गावाकडे ताकद येते म्हणून धारोष्ण दूध देतात, ते पूर्ण बंद करा. कच्च्या दुधातून लिस्टेरियाबरोबर ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजारही होतो. चीक कच्चा चाखायला नको, नीट वाफवलेला खरवस चालेल. उकळलेल्या दुधाचं घरचं दही-ताक निर्धास्त खा.

नको ते चीज खाऊन झालंय आणि काही त्रास नाही, तर घाबरून तपासण्यांमागे लागायची गरज नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. ३८ अंशांच्या वर ताप, अंगदुखी, जुलाब असं काही झालं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि काय खाल्लं, केव्हा खाल्लं ते स्पष्ट सांगा. लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात, म्हणून मागच्या महिन्यातलं खाणंही सांगायचं. डॉक्टर रक्ताची कल्चर तपासणी (रक्तात जिवाणू वाढतात का ते पाहणारी) करतात, आणि लिस्टेरियावर प्रतिजैविकं लागू पडतात, वेळेत सुरू केली तर बाळालाही वाचवतात.